आईचं लाल-पांढरं-निळं कार्ड

आमच्या आईला अमेरिकेत येऊन पाच वर्षं झाली आणि आम्ही तिचं मेडिकेअर काढलं. वाक्य एवढंसं आहे, पण त्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. मेडिकेअर म्हणजे इथला, मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांचा, सरकारी आरोग्य विमा. इथल्या मराठी घरांत ग्रीन कार्डवर आलेले आईवडील आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि "तुम्ही काय केलंत?" असं विचारणारे फोन दर आठवड्याला येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. आकडे २०२५चे आहेत, २०२६चे बदल शेवटी येतील.

आई साताऱ्याची. बाबा एसटीत वाहक होते, २०१८ साली गेले. मी न्यू जर्सीत, भाऊ पुण्यात. आई २२ फेब्रुवारी २०२० रोजी इमिग्रंट व्हिसावर नेवार्कला उतरली आणि तीन आठवड्यांत जग बंद झालं. तेव्हा तिला कोंडल्यासारखं झालं होतं. पुढे दोन वर्षं भारतात जाताच आलं नाही, आणि गंमत म्हणजे तेच आता कामाला आलं. नियमच तसा आहे: वय ६५ पूर्ण, हातात ग्रीन कार्ड आणि अर्जाच्या महिन्याआधीची सलग पाच वर्षं इथं वास्तव्य. मधल्या भारतवाऱ्या चालतात, पण एकेक फेरी सहा महिन्यांच्या आत हवी. आईच्या दोनच झाल्या, २०२२ चा उन्हाळा आणि २०२३-२४ ची थंडी. दोन्ही पाच महिन्यांच्या आत.

आधीची पाच वर्षं काय केलं, तर राज्याच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे विमा विकत घ्यायच्या सरकारी संकेतस्थळावरून, तिच्यासाठी खासगी विमा घेतला. ती आमच्या कुटुंबात धरली जाते, त्यामुळे सवलत शून्य. हप्ता महिन्याला हजार डॉलरच्या वर आणि एवढं भरून डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू व्हायच्या आधी आपण भरायची रक्कम, वेगळं. ही रक्कम आईला कळू नये म्हणून मी पत्रं उचलून ठेवायचे. तिला कळलंच. एक दिवस पोळ्या लाटताना, वर न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांची पेन्शन मला महिन्याला दीड हजार येते. रुपये." पुढे काहीच बोलली नाही. त्यानंतर तिचा गुडघा कधी दुखला नाही, दात कधी ठणकला नाही. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

मेडिकेअरचा कायदा १९६५चा. ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली आणि पहिलं कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना दिलं. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे: पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल, पार्ट बी म्हणजे डॉक्टर आणि तपासण्या, पार्ट डी म्हणजे औषधं. ज्यानं किंवा ज्याच्या जोडीदारानं इथं ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, काम करून कर भरला त्याला ए फुकट. बाकीच्यांना विकत. आईसारख्या इथं कधीच काम न केलेल्यांना २०२५ मध्ये ए महिन्याला ५१८ डॉलर आणि बी १८५. बेरीज ७०३. मुलांनी भरलेला कर आईवडिलांच्या खात्यात धरत नाहीत, हे मला तीनदा विचारून खात्री करावी लागली. बाबांनी एसटीत भरलेला प्रॉव्हिडंट फंडही इथं मोजला जात नाही.

नुसता बी घेता येतो, नुसता ए विकत मिळत नाही. पैसे वाचवायला काही जण फक्त बी घेतात आणि हॉस्पिटलचं देवावर सोडतात. नवऱ्यानं आणि मी दोन रात्री कागदावर आकडेमोड केली. शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं. आधीच्या विम्यापेक्षा तरीही स्वस्त पडत होतं.

मी फेब्रुवारीतच फोन करायला निघाले होते. बरं झालं, आधी नियम वाचला. पाच वर्षं "अर्ज करण्याच्या महिन्याआधी" पूर्ण झालेली हवीत. म्हणून ३ मार्चला, सोमवारी, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन खात्याच्या, १-८००-७७२-१२१३ या नंबरवर फोन लावला. मेडिकेअरचा अर्ज त्यांच्याकडेच होतो, मेडिकेअरकडे नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कानाला फोन, गॅसवर आमटी. सव्वा तासानं माणूस मिळाला आणि १८ मार्चची अपॉइंटमेंट मिळाली. २०२५च्या सुरुवातीपासून त्यांच्या कार्यालयांत बहुतेक कामं वेळ ठरवूनच होतात.

मधले पंधरा दिवस कागद गोळा करण्यात गेले. आईची जन्मतारीख १ जून १९५२. वाचणारे हसतील, कारण आपल्याकडे त्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनच असतो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली तारीख. जन्मदाखला कुठून असणार? शाळा सोडल्याचा दाखला होता, तो माहेरच्या नावानं. पासपोर्ट सासरच्या नावानं. मग दोन नावं जोडायला लग्नाचा दाखला, जो भावानं ग्रीन कार्डच्या वेळीच सातारा नगरपालिकेतून काढून ठेवला होता. सगळ्याची इंग्रजी भाषांतरं, नोटरी, एक जाडजूड फाइल. शिवाय आईच्या प्रत्येक प्रवासाचा तक्ता: निघाली कधी, परतली कधी. पासपोर्टवर शिक्के धूसर होते. विमानाची ई-तिकिटं माझ्या जीमेलमध्ये सापडली. तुम्हीही आजच शोधून एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा.

१८ मार्च. खिडकीमागच्या बाईंनी ती फाइल उघडलीसुद्धा नाही. "ग्रीन कार्ड? पासपोर्ट?" मी दिले. "यात पहिल्या प्रवेशाचा शिक्का नाहीये." मला घाम फुटला. आईचा पासपोर्ट २०२१ मध्ये नवा झाला होता. इमिग्रंट व्हिसा आणि नेवार्कचा शिक्का त्या जुन्या, कोपरा कापलेल्या पासपोर्टवर, आणि तो घरी कपाटात साडीखाली. रद्द झालेला पासपोर्ट कशाला लागतोय, असं मीच म्हटलं होतं. चूक माझी. बाईंनी फॉर्म भरून घेतला, अर्जाची तारीख १८ मार्चच राहील असं सांगितलं आणि २७ तारखेला परत बोलावलं. फोटोकॉपी चालत नाही, मूळ कागदच लागतात. ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट टपालानं तर मुळीच पाठवू नका, असंही त्यांनी बजावलं.

आई त्या वेळेत शेजारच्या खुर्चीवरच्या एका गुजराती आजोबांशी हिंदीत गप्पा मारत होती. परत येताना गाडीत म्हणाली, "त्यांचा मुलगा पार्ट ए घेत नाहीये म्हणे. तूही नको घेऊ." मी रेडिओ लावला.

२७ मार्चचं काम बारा मिनिटांचं. जन्मतारखेला पासपोर्टच पुरला, साताऱ्याच्या भाषांतरांना कुणी हात लावला नाही. माझे त्यावर गेलेले दीडशे डॉलर वायाच गेले. पण नावात फरक असणाऱ्यांनी लग्नाचा दाखला जवळ ठेवावाच. न विचारणं त्यांच्या हातात, नसणं आपल्या अंगावर.

विमा १ एप्रिलपासून लागू झाला. पण तसं पत्र हातात येईपर्यंत जुना विमा बंद करायचा माझा धीर झाला नाही, त्यामुळे एप्रिलचा दुहेरी हप्ता पडला. १६ एप्रिलला कार्ड आलं. लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांचं, साध्या जाड कागदाचं, त्यावर अकरा अक्षरी-अंकी नंबर. आईनं ते उलटसुलट करून बघितलं. "एवढ्या पैशाचं कार्ड आणि प्लॅस्टिकचं पण नाही?" मग बटव्यात, एसटीच्या ज्येष्ठ नागरिक कार्डाशेजारी ठेवलं.

पाठोपाठ बिल आलं, दोन महिन्यांचं एकदम, १,४०६ डॉलर. ज्यांना सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळते त्यांच्या पेन्शनमधून हप्ता कापला जातो, बाकीच्यांना असं बिल येतं. पार्ट ए विकत घेतला असेल तर दर महिन्याला, नुसता बी असेल तर तीन महिन्यांचं एकत्र. पंचवीस तारखेच्या आत भरायचं. 'मेडिकेअर इझी पे'चा फॉर्म भरला की बँकेतून आपोआप जातं. तो लगेच भरा.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्ल्याची सोय आहे. न्यू जर्सीत १-८००-७९२-८८२० हा तिचा नंबर. कॅलिफोर्नियात तिलाच 'हायकॅप' म्हणतात. हे लोक काहीही विकत नाहीत. आमच्या वाट्याला आल्या एक निवृत्त शिक्षिका. एप्रिलमध्ये त्यांनी दीड तास बसून समजावलं. ए आणि बी मिळूनही डॉक्टरच्या खर्चाचे वीस टक्के आपल्या अंगावर राहतात आणि त्याला वरची मर्यादाच नाही. ते भरून काढायला एक तर मेडिगॅपची पूरक पॉलिसी घ्यायची, नाहीतर सगळंच एका खासगी कंपनीच्या अॅडव्हान्टेज योजनेत टाकायचं. अॅडव्हान्टेजला बहुतेक वेळा वेगळा हप्ता नसतो, दात आणि चष्म्याचं आमिष असतं, पण डॉक्टर त्यांच्या यादीतलेच लागतात. आमचा निर्णय एका प्रश्नावर झाला. "आई भारतात किती महिने राहतात?" अॅडव्हान्टेज योजनेच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर नाव काढून टाकतात. मेडिकेअर स्वतः भारतात काही देत नाही, पण मेडिगॅपच्या प्लॅन जी सारख्या काही पॉलिसीत परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ऐंशी टक्के मिळतात, प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत, २५० डॉलर आपण भरल्यावर, आयुष्यात एकूण ५०,००० डॉलरपर्यंत.

आणि इथं घाई करायलाच हवी. बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅपवाले कुणालाच नाकारू शकत नाहीत. आईला मधुमेह आहे. ही मुदत गेली असती तर त्यांनी तब्येतीचे प्रश्न विचारले असते. १ मेपासून प्लॅन जी घेतला, महिन्याला दोनशेच्या थोडं वर. उत्पन्न कमी असणाऱ्यांना राज्याकडून हप्त्याला मदत मिळू शकते, पण स्पॉन्सर केलेल्या आईवडिलांचा हिशेब वेगळा असतो. ते शिपलाच विचारा.

राहिला पार्ट डी. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर औषधांची नावं टाकली की वर्षभराचा अंदाजे खर्च दाखवून योजना स्वस्ताप्रमाणे लावून देतात. मी रात्री अकराला बसले. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची. टाकलं, सगळ्यात वरची योजना निवडली, झोपले.

१० जूनला 'वेलकम टू मेडिकेअर' भेट होती. बी सुरू झाल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत एकदा, विनामूल्य. पुढे दर वर्षी 'वेलनेस' भेट. लक्षात ठेवा, ही पूर्ण तपासणी नव्हे. उंची, वजन, रक्तदाब, डोळ्यांचा तक्ता, घरात पडायला होतं का, उदास वाटतं का, आणि पुढच्या तपासण्यांची यादी. "तेवढ्यात गुडघा पण बघा" म्हटलं तर त्याचं वेगळं बिल लागतं.

डॉक्टरांनी फोनवर मराठी दुभाषी जोडून दिली. आवाज वैदर्भीय. आईनं तब्येत सांगायच्या आधी "तुम्ही कुठल्या?" विचारलं आणि ती नागपूरची निघाल्यावर दोघींचं संत्र्यांपर्यंत गेलं. मग नर्सनं तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: केळं, सूर्योदय, खुर्ची. आणि कोऱ्या कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. आईनं वाटीसारखं छान गोल काढलं, आकडे लिहिले, काटे लावले. नर्स कागद हातात घेऊन बघतच राहिली. एकदा उलटा धरला. चेहरा पडला तिचा. मी वाकून पाहिलं तर १२ पासून ११ पर्यंत सगळे आकडे देवनागरीत, सुबक, शाळेतल्यासारखे. मी सांगितल्यावर डॉक्टर येऊन बघून गेले आणि तो कागद फाइलीत लागला. केळं आणि खुर्ची तिनं लगेच सांगितली. सूर्योदयाला म्हणाली, "उजाडणं."

डोळ्यांच्या तक्त्यावर मात्र डाव्या डोळ्याला चौथी ओळ दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मधुमेह असेल तर काचबिंदूची तपासणी वर्षातून एकदा पार्ट बीमध्ये बसते. डोळ्यांतला दाब जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, "थेंब कुठले घालता?" मी म्हटलं, थेंब नाहीत. आई खाली बघत होती.

घरी येऊन तिनं फ्रिजच्या दारातली लोणच्याची बरणी बाजूला केली. मागे स्टीलच्या डबीत एक बाटली, तळाशी थोडंसं औषध. साताऱ्याच्या डॉक्टरांनी २०२४ च्या फेब्रुवारीत काचबिंदू सांगितला होता. निघताना तिनं डझनभर बाटल्या आणल्या होत्या आणि पुरवून पुरवून, दिवसाआड घालत होती. "इथं दाखवलं असतं तर तू परत पैसे भरत बसली असतीस." मला रागवायचं होतं. मी पत्रं लपवत होते, ती थेंब लपवत होती, दोघींना वाटत होतं आपण दुसरीला वाचवतोय.

नव्या डॉक्टरांनी दोन प्रकारचे थेंब दिले. एक स्वस्तातलं जेनेरिक. दुसरं मी घाईत निवडलेल्या योजनेच्या यादीतच नव्हतं, आणि योजना वर्षाच्या मध्ये सहजासहजी बदलता येत नाही. जूनपासून ते रोख घेतलं, त्यामुळे ते पैसे पार्ट डीच्या २,००० डॉलरच्या वार्षिक मर्यादेतही (तेवढे भरले की यादीतल्या औषधांना वर्षभर पुढे पैसे पडत नाहीत) धरले गेले नाहीत. यादीबाहेरच्या औषधासाठी डॉक्टरांमार्फत अपवादाचा अर्ज करता येतो, हे मला ऑक्टोबरअखेर शिपच्या बाईंकडून कळलं. म्हणून सांगते, औषधांची यादी आठवणीतून करू नका. फ्रिज उघडा, बटवा उघडा, भारतातून आणलेली पिशवी उघडा, आणि आईवडिलांना शेजारी बसवून करा.

दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर पार्ट डी आणि अॅडव्हान्टेज बदलता येतं. त्या काळात टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार असतो. फोनही येतात, "तुमचं नवं चिपवालं कार्ड आलंय, नंबर सांगा." मेडिकेअर असा फोन करून नंबर मागत नाही. आई आता त्यांना मराठीत "राँग नंबर" म्हणून ठेवते.

२७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग. लेक कॉलेजमधून आली होती, शेजारचं मराठी कुटुंब जेवायला. आमच्याकडे टर्की नाही, रताळ्याचा कीस, मसालेभात आणि भोपळ्याचे घारगे. लेकीनं टूम काढली की प्रत्येकानं कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं. आईची पाळी आली. तिला घरच्यांचे आभार मानणं विचित्रच वाटतं, परक्यासारखं. बराच वेळ ताटात बघून म्हणाली, "त्या शिपच्या बाईंचे. ऑक्टोबरात मी लाडू नेले तर भेट घेता येत नाही म्हणाल्या. पण एक तिथंच खाल्ला, आणि रेसिपी लिहून घेतली." मग नातीकडे वळून, "आणि त्या घड्याळवालीचे. घाबरली बिचारी."

शुक्रवारी सगळे खरेदीला गेले आणि आई आणि मी लॅपटॉप घेऊन बसलो. ह्या वेळी डबी टेबलावर होती. पाच नावं, जवळचं औषधांचं दुकान, सगळं भरून नवी योजना निवडली. १ जानेवारीपासून लागू. २०२६ साठी बी २०२.९० झाला आहे, ए ५६५. एकूण ७६७.९०. औषधांची वार्षिक मर्यादा २,१०० डॉलर. हे बिल आल्यावर मी आईसमोरच उघडलं. तिनं चष्मा लावून आकडा वाचला, घडी घातली आणि मला परत दिलं. "तुझ्या मावशीनं सत्तर झाल्यावर आयुष्मानचं कार्ड काढलंय. फुकट. ७५ झाल्यावर मला एसटीही फुकट आहे."

रात्री नऊचा गजर माझ्या फोनवर लावलाय. ती खुर्चीत मान मागे टाकते, मी थेंब घालते. काल हात हलला आणि एक थेंब गालावर ओघळला. आईनं तो बोटानं टिपला, बोट उजेडात धरून बघितलं.

"हा कितीचा होता गं?"